बाण फाटकाकडे

“वाचता येतं ना?” दिघेबाईंनी विचारलं.

मी खुरपं पदराला पुसलं आणि म्हटलं, “येतं की.”

“आधीच विचारलेलं बरं. परवा एक माळी आला होता. हात चांगला होता त्याचा, पण अक्षर येत नव्हतं. त्याला मी परत पाठवलं.”

बागेच्या कामाला अक्षर कशाला लागतं ते मला कळेना. झाड काय आपलं नाव वाचून वाढतं? पण मागच्या अंगणातली खोली मी मघाशीच बघून आले होते. पत्रा गळका नव्हता, दाराला आतून कडी होती, चूल मांडायला कोपरा होता. ज्या नर्सरीत मी अठरा वर्षं रोपं भरली, तिची जमीन विकली गेली होती. तिथली माझी शेड अमावास्येपर्यंतच माझी होती. येतं म्हटलं तर खोली होती आणि नाही म्हटलं तर रस्ता होता.

“चौथीपर्यंत शाळेत होते,” मी आणखी एक ठोकून दिलं.

“कुठल्या शाळेत?”

“गावातल्या.”

बाई हसल्या. तळेगावातल्या मुलींच्या शाळेत त्यांनी तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला होता. लग्न केलेलं नव्हतं, बंगल्यात एकट्याच राहायच्या. बोलताना माझ्याकडे सरळ बघायच्या नाहीत. मान जराशी वळवून, माझ्या कानाच्या पलीकडे कुठंतरी बघत बोलायच्या. फार शिकलेली माणसं अशीच बघत असतील, असं मी धरून चालले.

घराचं तोंड उत्तरेला. पुढच्या अंगणावर रायवळ आंब्याची फांदी पसरलेली आणि पूर्वेला नवीनच चार मजल्यांची इमारत उभी राहिलेली. त्यामुळं भर दुपारीसुद्धा ऊन चाळणीतून गाळल्यासारखं यायचं. बाईंच्या जुन्या गुलाबांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. जास्वंदीला पानं होती, कळी नव्हती. हिरवळ होती तिथं शेवाळ आलं होतं.

“हे सगळं काढायचं,” बाई म्हणाल्या. “सावलीत जगणारी झुडपं लावायची. पण माझी एक अट आहे. पानगळ होणारं काही नको. बारा महिने हिरवं आणि बारा महिने आपल्या जागेवर. पाहुण्यासारखं येऊन जाणारं झाड मला नको.”

“सोनटक्का लावू का? सावलीत छान येतो. वासही गोड.”

“हिवाळ्यात सुकतो ना तो? मग चार महिने तिथं काय?”

“काही नाही. नुसती माती.”

“मग नको.”

“एखादा लाल क्रोटन? रंग येईल अंगणाला.”

“रंग नको,” बाई म्हणाल्या. जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, “रंगाचं काही काम नाही.”

मला नवल वाटलं. बाग करायची आणि रंग नको? नर्सरीत येणारी बायामाणसं आधी रंग विचारायची, मग नाव. ह्या बाई रोप आलं की पान दोन बोटांत धरायच्या, चोळायच्या, नाकाशी न्यायच्या, आणि मगच हो किंवा नाही म्हणायच्या. पानओवा पसंत पडला, कारण त्याचं पान जाड, मखमली, आणि चोळलं की हात दिवसभर ओव्याचा. अरेलिया पसंत पडली, कारण तिची पानं बारीक कातरलेली. ती पट्ट्यापट्ट्यांची ताठ तलवार, नर्सरीत आम्ही तिला स्नेक म्हणायचो, ती तर त्यांनी खालपासून टोकापर्यंत हात फिरवून बघितली. नेचा, अनंत आणि कामिनी अशी आणखी तीन ठरली. सहा जातींच्या बारा कुंड्या मी हातगाडीवरून आणल्या.

दसरा झाल्यावर बाईंनी मला नकाशा दिला.

जाड कागद होता. मधून दोन रेघांची वाट, दोन्ही कडेनं जोडीजोडीनं गोल, प्रत्येक गोलात काहीतरी लिहिलेलं आणि शेजारी एकेक पान काढलेलं. वाटेच्या एका टोकाला एक बाण.

“दोन वर्षांपूर्वी काढलाय मी. हीच सहा झाडं तेव्हापासून मनात होती, म्हणून तर एकेक पान पारखून घेतलं,” बाई म्हणाल्या. “ह्याच्याप्रमाणे आधी कुंड्या मांड. लगेच लावू नकोस. मांडून झाल्या की मी बघेन.”

“पहिलं कुठलं ठेवू, बाई?”

“त्यात लिहिलंय की. वाच.”

मी कागद घेऊन आंब्याखाली बसले. अक्षरांवरून नुसती नजर फिरवली. मग बघितलं, तर बाईंनी पानं इतकी हुबेहूब काढली होती की अक्षराची गरजच नव्हती. पिसासारखं पान म्हणजे नेचा. उभी पात म्हणजे स्नेक. कोणत्या झाडाशेजारी कोणतं झाड, सगळं कळलं. राहिला प्रश्न एवढाच, की वाटेचं घराकडचं टोक कोणतं आणि फाटकाकडचं कोणतं. बाण होता. सरकारी दवाखान्यात बाण बघितले होते मी. बाण जिकडं, तिकडून आत जायचं. म्हणजे बाणाचं टोक घराकडे. झालं.

तशा कुंड्या मांडल्या. पण मांडताना मनाला काही पटेना. वाट पडवीच्या पायऱ्यांपासून निघायची, नळापाशी थोडी ओल असायची, पुढं एक वळण, मग जमीन उतरती म्हणून दोन पायऱ्या, आणि मग फाटक. नेच्याला ओल लागते. तो नळाशी असायला हवा. आणि नकाशात तर तो फाटकाजवळ, कोरड्या जागेत. अठरा वर्षं मातीत काढलेल्या माझ्या हातांना ते चुकीचं वाटत होतं. पण कागद शिकलेल्या माणसाचा होता. मी हातांचं ऐकलं नाही.

तरी संध्याकाळी बाई पडवीत बसल्या होत्या, तिथं जाऊन नकाशा त्यांच्यासमोर धरला.

“हे असंच ना, बाई?”

बाईंनी कागदावर बोट ठेवलं. बोट वाटेवरून फिरवलं. मान वळवून, जरा विचार करून म्हणाल्या, “हो. अगदी असंच. वर उत्तर.”

“मग नेचा तिथंच?”

“जिथं लिहिलाय तिथंच.”

मी कागद कठड्यावर ठेवला. जास्त विचारलं असतं तर त्यांनी वाचून दाखव म्हटलं असतं.

त्याच आठवड्यात आणखी एक गंमत झाली होती. पोस्टमन पाकीट देऊन गेला. “ठाण्याचं आहे,” म्हणाला. बाईंनी ते उलटसुलट केलं आणि माझ्यापुढं धरलं.

“चष्मा कपाटात राहिलाय गं. जरा वाच.”

“हात चिखलाचे आहेत, बाई. पत्र खराब होईल.”

“धू मग.”

“शेणखत कालवत होते. वास लवकर जात नाही. चष्मा आणून देऊ का?”

“नको,” बाई घाईनं म्हणाल्या. “कळलं त्यात काय असणार ते. श्रीरंगचं आहे, माझ्या भाच्याचं. ठाण्याला चल म्हणत असेल. दर पत्रात तेच. आठव्या मजल्यावर नेऊन ठेवील मला, कुंडीसारखं. मी हे घर सोडून कुठंही जाणार नाही.”

“कशाला जायचं? हातपाय चांगले आहेत की तुमचे.”

“तेच तर,” बाई म्हणाल्या आणि पत्र टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाखाली सरकवून दिलं. पाकीट फोडलंसुद्धा नाही. मला हायसं वाटलं. बाई मात्र बराच वेळ त्या गोलावर हात ठेवून बसल्या होत्या.

कुंड्या मांडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, फाटक वाजलं. चाळिशीचा एक माणूस, खांद्याला पिशवी, हातात पेढ्यांचा पुडा.

“आत्या आहे का?”

बाई आतूनच ओळखून म्हणाल्या, “श्रीरंग? असा अचानक?”

“अचानक कसला? पत्र पाठवलं होतं. मिळालं ना?”

“मिळालं की.”

“वाचलंस?”

“वाचलं.”

“मग त्यावर काही बोलणं नाही?”

“काय बोलायचं? मी येणार नाही ठाण्याला.”

त्यानं बाईंकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी पायरीवर बसून उगाच माती चाळत होते. चहा झाला. चहा घेताना पडवीच्या कठड्यावर ठेवलेला नकाशा त्याच्या हाती लागला. तो कधी कागदाकडं बघे, कधी अंगणाकडं. मग हसायला लागला.

“आत्या, हे सगळं उलटं मांडलंय. कामिनी फाटकाशी पाहिजे, ती इथं दाराशी आहे. कागद खालीवर धरला होता वाटतं कुणीतरी. बाण उत्तरेचा आहे, तो फाटकाकडं जायला पाहिजे. तू बघितलं नाहीस?”

“बघितलं की. कालच बघितलं.”

माझ्या हातातली माती तिथंच राहिली. काल कागद मीच धरला होता. मीच, खालीवर. आणि बाईंनी त्याच्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, वर उत्तर. ज्या बाईंनी पोरींच्या पिढ्यांना उत्तर-दक्षिण शिकवली, त्यांना डोळ्यांपुढचा बाण उलटा दिसला नाही. मग एकेक गोष्ट उमगत गेली. कानाच्या पलीकडे बघणं. पान चोळून बघणं. रंगाचं काही काम नाही म्हणणं. कपाटात राहिलेला चष्मा. आणि कामाला हवं ते वाचता येणारंच माणूस.

श्रीरंगरावांनी कागद बाईंच्या पुढं धरला. “मग हे तुझ्या कसं लक्षात आलं नाही, आत्या?”

बाईंचा हात हवेत जरासा हलला आणि थांबला.

मी उठले. “त्यांनी बघितला तेव्हा सरळच होता हो. माझ्या हातात आल्यावर उलटा झाला.”

“असा कसा उलटा झाला?”

“मला अक्षर येत नाही.” खोलीची आतली कडी डोळ्यांपुढं आली. पण तोंड उघडलं होतं, आता मिटता येईना. “बाईंना खोटं सांगून कामाला लागले. चौथीबिवथी काही शिकलेली नाही. पानांची चित्रं बघून मांडलं. बाण बघून मला वाटलं, इकडून आत जायचं.”

श्रीरंगरावांनी कप खाली ठेवला. आंब्यावर खार ओरडत होती.

“द्वारका,” बाई सावकाश म्हणाल्या, “तू मला फसवलंस.”

“हो, बाई.”

“नंतर बघते तुझ्याकडे.”

श्रीरंगरावांनी कागदाची घडी केली. “दुपारच्या गाडीनं मला परत जायचंय. फाटकापर्यंत येतेस ना, आत्या? नेहमीसारखं?”

“येते की,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

तेव्हा मला त्या नकाशाचा सगळा अर्थ कळला. पडवीच्या पायऱ्या उतरताना हाताला पानओवा लागायचा होता. पायाखाली ओल आणि हाताला पिसं लागली, की नळ. ताठ पात लागली की वळायचं. कातरलेलं पान लागलं की दोन पायऱ्या उतरायच्या. अनंत, कामिनी, मग फाटक. आणि मी ते सगळं फिरवून ठेवलं होतं. वळणावर अरेलिया होती, आणि पायऱ्यांवर स्नेक. हाताला पात लागली की बाई वळणार, आणि तिथं वळण नव्हतं, दोन पायऱ्यांची घसरण होती.

मी बाईंच्या दोन पावलं पुढं झाले आणि तोंड सोडलं.

“तुम्ही बघाच, बाई, काय घोटाळा केलाय मी. इथं पायरी संपली की पानओवा पाहिजे होता, आणि मी कामिनी ठेवली.”

बाईंचा हात कामिनीच्या पानाला लागला. क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “डोळे कुठं होते तुझे?”

“कपाटात राहिले होते, बाई.”

मागून श्रीरंगरावांचा खोकला ऐकू आला.

“आणि इथं नळाशी नेचा सोडून अनंत. ओल आहे खाली, शेवाळही काढलेलं नाही मी, तेही माझंच चुकलं.”

“सगळंच चुकलंय तुझं. पुढं?”

“पुढं ही अरेलिया. कुठं ठेवली? वळणावर. डाव्या हाताला वाट वळते तिथं. इथं स्नेक पाहिजे होती.”

बाई डावीकडं वळल्या. “अगदी मूर्ख आहेस.”

“आहेच. आणि स्नेक बघा कुठं नेऊन ठेवली मी. पायऱ्यांवर. एक पायरी. आणि ही दुसरी. कुणी पडलं असतं म्हणजे?”

“तुझ्यामुळं पडलं असतं,” बाई म्हणाल्या, आणि एक पायरी उतरल्या, दुसरी उतरल्या. पदर एका हातानं सावरलेला, मान ताठ. अशा चालल्या होत्या, की जणू शाळेची तपासणी करायला निघाल्या आहेत.

मी मागं वळून बघितलं. श्रीरंगराव बाईंच्या एका पावलावर चालत होते. त्यांचा एक हात पुढं आलेला होता, बाईंच्या कोपरापाशी, न लागता. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

“हा नेचा, बाई, बिनपाण्याचा उभा केलेला. आणि हा पानओवा. आणि आता काही राहिलं नाही माझ्या चुकांतलं. हे फाटक.”

बाईंनी फाटकावर हात ठेवला. “संपली यादी?”

“संपली.”

श्रीरंगराव खाली वाकले, बाईंच्या पाया पडले. उठताना डोळे पुसल्यासारखं केलं. मला वाटलं पानओव्याचा वास चढला. “दिवाळीला येतो, आत्या. न्यायला नाही, राहायला.” फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी घडी केलेला नकाशा माझ्या हातात दिला. “द्वारकाबाई, सरळ लावून घ्या. बाण फाटकाकडे.”

ते गेल्यावर आम्ही दोघी त्या मधल्या पायऱ्यांवरच बसलो.

“तुला केव्हा कळलं?” त्यांनी विचारलं.

“आत्ता. चहाच्या वेळी. आणि माझं तुम्हाला?”

“पत्राच्या दिवशी. शेणखताचा वास नव्हता तुझ्या हातांना.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर ‘मग तुम्हीच वाचा’ म्हणाली असतीस.”

मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. आधी मधलं गेलं, आता कडाही जायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी घरी येऊन त्यांनी तो नकाशा काढला होता, दिसतंय तोवर.

“मग मी खोली कधी सोडू?” मी विचारलं.

“कुंड्या सरळ कोण करणार?” बाई म्हणाल्या. “आणि मला वाचणारं माणूस हवंय, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलंय. येत नसेल तर शीक.”

“पंचेचाळिशी ओलांडली माझी.”

“मी तुझं वय विचारलं नाही.”

कुंड्या सरळ झाल्या, रोपं जमिनीत गेली. नेचा नळाशी गेला आणि आठवड्यात हसला. रोज सकाळी ऊन चढायच्या आधी बाई कामिनीच्या वाफ्याशी बसायच्या, ओल्या मातीवर तळहात फिरवून सपाट करायच्या आणि बोटानं एक अक्षर काढायच्या. त्यांना ते दिसायचं नाही, पण बोटाला पाठ होतं. मी त्याच चरातून माझं बोट फिरवायची. ‘क’ला तीन दिवस लागले. ‘म’ लवकर आला. पहिल्या आणि दुसऱ्या वेलांटीतला फरक कळेना, तेव्हा बाई म्हणायच्या, “खुरप्याचं पातं आणि दांडा एकच का?”

पुढं मी पत्र्याच्या पट्ट्या कापल्या आणि झाडांची नावं खिळ्यानं टोचायला घेतली, बाईंना बोटानं वाचता यावीत म्हणून. टोचलं की उंचवटा मागच्या बाजूला येतो, हे ध्यानात आलं नाही. बाईंनी पहिली पट्टी हातात घेतली, पुन्हापुन्हा चाचपली आणि म्हणाल्या, “ही कामिनी आरशातली आहे.” मग मी नावं आधी उलटी लिहायला शिकले. सरळ लिहिणं त्याच्या नंतर आलं. आजही पेन धरलं की ‘न’ कुठल्या बाजूला बघतो, हे मला क्षणभर थांबून आठवावं लागतं.

श्रावणात एका दुपारी मी टेबल पुसत होते. पृथ्वीचा गोल उचलला आणि खाली ते पाकीट सापडलं.

“बाई, हे श्रीरंगरावांचं. तेव्हाचं. वाचू का?”

“आता काय त्यात? वाच. सराव होईल तुझा.”

मी पाकीट फोडलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्र. ओळीखाली बोट धरून, अक्षर जुळवत, थांबत थांबत वाचलं.

“‘प्रिय आत्या, तुझ्या डोळ्यांचं मला कळलं आहे. तू सांगितलं नाहीस म्हणून मीही विचारलं नाही. हे पत्र तुला कुणीतरी वाचून दाखवत असेल अशी आशा आहे. गुरुवारी येतो. न्यायला आलो असं म्हणेन, पण मला एवढंच बघायचं आहे, की तिथं तुझ्याजवळ कुणी आहे का. असेल तर मी तसाच परत जाईन.’”

खाली सही होती. ती मला लागली नाही.

बाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मग आपण त्या वाटेवर एवढ्या भांडलो कशाला गं?”

“नाहीतर तुम्ही पायऱ्यांवरून पडला असता.”

“हं,” बाई म्हणाल्या. बाहेरून अनंताचा वास येत होता. “पुन्हा वाच. ‘कुणी आहे का’पासून.”

मी बोट मागं नेलं. ‘असेल’मधला ‘अ’ मला अजून जड जायचा, त्याच्यापाशी थांबावं लागायचं. मी थांबले. बाईंनी घाई केली नाही.